हेवी लायसन्स काढताय? आधी गाडी थांबवायला शिका

बेळगाव असो, चिक्कोडी, गोकाक नाहीतर बैलहोंगल, ट्रकच्या लायसन्सची टेस्ट सपाट जागेवर आणि बहुतेक वेळा रिकाम्या गाडीवर होते. पुढे घ्या, मागे घ्या, वळवा, थांबवा. पास झालेल्या पोराला मालक पंधरवड्यात भरलेली दहाचाकी देऊन गोव्याच्या वाटेला लावतो, आणि अनमोडच्या उतारावर त्याला पहिल्यांदा कळतं की पंचवीस-अठ्ठावीस टनाची गाडी चालवणं सोपं आहे, थांबवणं अवघड. टेस्टमध्ये हे कुणी विचारत नाही. म्हणून या लेखात सगळा भर थांबवण्यावर आहे.

कागदांचं आधी उरकून घेऊ. ट्रान्सपोर्ट लायसन्सला वय २० पूर्ण हवं आणि कार-जीपचं, म्हणजे एलएमव्ही लायसन्स निदान वर्षभर जुनं हवं. डॉक्टरचं १-ए नमुन्यातलं प्रमाणपत्र, मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचं नमुना ५, मग लर्निंग, आणि लर्निंगनंतर ३० दिवसांनी पक्की टेस्ट. आठवी पासची अट २०१९ साली निघाली. लायसन्सची मुदत ५ वर्षं. पेट्रोल, गॅस, अ‍ॅसिड असा माल नेणाऱ्यांना ३ वर्षं आणि वेगळं प्रशिक्षण. गाडी अधिक माल मिळून वजन ७५०० किलोच्या आत असेल, तर साध्या एलएमव्ही लायसन्सवरही मालवाहू गाडी चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे छोटा हत्ती आणि पिकअपवाल्यांनी एजंटाच्या नादी लागायचं कारण नाही.

स्कूलच्या प्रमाणपत्राबद्दल मात्र दोन शब्द जास्त. नियमात ट्रकच्या प्रशिक्षणाला ३० दिवस आणि प्रत्यक्ष स्टेअरिंगवर १५ तास सांगितले आहेत. नुसते पैसे भरून कागद घेऊन येणारे आपल्याकडे कमी नाहीत. ते १५ तास तुमच्या पैशाचे आहेत, वसूल करून घ्या. त्यातले दोन-तीन तास तरी भरलेल्या गाडीवर मिळतात का विचारा. लर्निंगच्या परीक्षेत ६० टक्के उत्तरं बरोबर लागतात. चिन्हांची घोकंपट्टी करू नका, आकार ओळखा: गोल पाटी हुकूम देते, त्रिकोणी सावध करते, चौकोनी माहिती सांगते. खाली कन्नड लिहिलेलं असो की मराठी, आकार कोगनोळीच्या, म्हणजे कर्नाटक-महाराष्ट्र हद्दीच्या, दोन्ही बाजूंना तोच.

थांबायला किती रस्ता लागतो

ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. समोर म्हैस आडवी आली. डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच २५ मीटर संपले. मग नळ्यांतून हवा मागच्या चाकांपर्यंत पोचायला आणखी एखादा क्षण. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर भरलेली गाडी थांबायला अजून ३५-४० मीटर. बेरीज ६० च्या वर जाते. तीच गाडी ८० वर असेल तर बेरीज शंभराच्या घरात, आणि पावसात ६० च्या वेगालाही ८० मीटर धरून चला.

यामागचं गणित एकाच गोष्टीवर आहे: वेग दीडपट झाला की ब्रेकला जिरवायची ऊर्जा सव्वादोनपट होते. चाळीसवर असताना ‘हाताखाली’ वाटणारी गाडी साठवर हाताखाली नसते, ती फक्त सरळ जात असते. कायद्याने ट्रकला चौपदरी रस्त्यावर ८० आणि इतर रस्त्यांवर ६० ही कमाल मर्यादा आहे. कमाल, बरं का. खानापूर-लोंढा पट्ट्यातल्या वळणांना ६० लागू आहे म्हणून ६० ने जायचं असतं असं नाही.

पुढच्या गाडीशी अंतर मीटरात मोजता येत नाही, सेकंदात येतं. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मोजायला लागा. तुमचं बंपर त्या खांबाशी पोचायला निदान चार-पाच सेकंद लागले पाहिजेत, पावसात त्याहून जास्त. मधल्या जागेत कारवाले घुसणारच. चिडून उपयोग नाही, पुन्हा मागे राहायचं.

हवेचा ब्रेक

कारमध्ये ब्रेकचं काम तेल करतं, ट्रकमध्ये दाबलेली हवा. इंजिनवरचा कॉम्प्रेसर हवा टाक्यांत भरतो, तुम्ही पेडल दाबलं की ती चाकांजवळच्या चेंबरमध्ये जाते आणि लायनर, म्हणजे ब्रेकचं अस्तर, चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमवर दाबले जातात. पाय काढला की तेवढी हवा फुस्स करून बाहेर. म्हणजे प्रत्येक ब्रेकला हवा खर्च होते. पंप-पंप-पंप करत राहिलं की टाकी रिकामी व्हायला लागते, आणि कॉम्प्रेसरला ती भरायला वेळ लागतो. गाडी भरलेली, उतार लांब आणि पाय सारखा ब्रेकवर, यातून ‘ब्रेक फेल’ होतो. बहुतेक वेळा त्यात काही तुटलेलं नसतं.

पार्किंग ब्रेक, म्हणजे हँडब्रेक, उलट्या तऱ्हेने चालतो, आणि नवीन पोरांचा गोंधळ इथेच होतो. त्यात एक जबर स्प्रिंग असते. ती उंदराच्या सापळ्यासारखी: हवेने दाबून उघडी धरलेली, हवा गेली की खटकन मिटणारी. म्हणून सकाळी टाकीत हवा नसताना गाडी हलत नाही. दाब चढू द्यावा लागतो. हवेच्या दाबाचा काटा साधारण ७-८ बारला स्थिर राहतो आणि ५ च्या आसपास घसरला की बजर वाजतो. बजर वाजत असताना चालत राहणं म्हणजे स्प्रिंग कुठल्या वळणावर आपोआप लागेल ते नशिबावर सोडणं.

निघण्याआधीची एक तपासणी कुठल्याही फिटरशिवाय होते. गाडी सपाटीला, चाकांना ठोकळे, हवा पूर्ण भरलेली. इंजिन बंद करा, हँडब्रेक सोडा, पायब्रेक पूर्ण दाबून मिनिटभर तसाच धरा आणि काट्याकडे बघा. काटा सुरुवातीला एकदा थोडा खाली येतो, मग थांबला पाहिजे. तो सावकाश सरकतच राहिला, किंवा किन्नरला (क्लीनरला) गाडीखाली कुठे ‘सूं’ ऐकू आलं, तर गळती आहे. दुसरं, टाकीच्या तळाची कळ ओढून पाणी काढा. पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीकडच्या हवेत तर हे रोजचं काम. गाडीला हवेतलं पाणी शोषणारा एअर ड्रायर असूनही पाणी निघत असेल तर त्याचं कार्ट्रिज संपलंय असं समजा.

घाट उतरताना

आपल्या जिल्ह्यातून पुण्याकडे, गोव्याला की कोकणात निघा, एक घाट पदरात पडतोच. पुण्याकडे जाताना वंटमुरी आणि तवंदी, गोव्याला चोर्ला किंवा अनमोड, सावंतवाडीला आंबोली. तवंदी घाटात हायवे रुंद आहे म्हणून तो फसवतो. उतार रुंदीने कमी होत नाही. चोर्ला-अनमोडवर पावसाळ्यात अवजड गाड्यांना बंदी लागते आणि उठते, त्यामुळे माल भरायच्या आधीच सध्याचा आदेश काय आहे ते विचारून घ्या.

उतारावर वजन गाडीला सतत पुढे ढकलत असतं. ही ऊर्जा कुठेतरी जिरायलाच हवी. ब्रेकने जिरवली तर तिची उष्णता होते. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब जातो. लायनर तापला की त्याची पकड सुटते. पेडल दाबलं जातं, हवा जाते, आणि गाडी मात्र तशीच पळते. लायनर जळल्याचा उग्र वास येतो तेव्हा अर्धा ब्रेक गेलेला असतो.

म्हणून घाट इंजिनाने उतरायचा, ब्रेकने फक्त आवरायचा. जुन्या ड्रायव्हरांचा हिशेब असा: हा घाट भरलेली गाडी ज्या गिअरमध्ये चढली असती, त्याच गिअरमध्ये उतरवायची. आताची इंजिनं ताकदीची, चढाला वरच्या गिअरमध्येही जातात. त्यांना त्याहून एक खालचा गिअर घ्या. आणि हा गिअर उतार सुरू व्हायच्या आधी पडला पाहिजे. एकदा गाडी पळायला लागली की खालचा गिअर बसत नाही, आणि बसवायच्या खटपटीत ती न्यूट्रलला अडकली तर हातातलं सगळं गेलं.

मग ब्रेक कसा मारायचा? मनात एक वेग ठरवा, समजा ३०. गाडी ३० ला पोचली की ठामपणे ब्रेक दाबा, दोन-तीन सेकंदांत २२-२३ वर आणा आणि पाय पूर्ण काढून घ्या. पुन्हा ३० झाली की पुन्हा तेच. पाय नुसता टेकवून हलका ब्रेक सारखा लावून ठेवला तर ड्रमला गार व्हायला उसंतच मिळत नाही. ठाम मारून सोडला की मधल्या वेळात वारा लागतो. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर घाटमाथ्यालाच चालू करा. तो इंजिनाचा धूर अडवून इंजिनालाच गाडी ओढून धरायला लावतो, ड्रमला हातही लावत नाही. मात्र रिकामी गाडी आणि ओला रस्ता असेल तेव्हा तो बंद ठेवलेला बरा, कारण त्याचा जोर फक्त मागच्या ओढणाऱ्या चाकांवर येतो आणि ती घसरतात.

आता न्यूट्रल. उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवायचं, ही विद्या आपल्याकडे उस्तादाकडून चेल्याकडे चालत आली आहे. आजच्या गाड्यांत तर हिशेबही उलटा आहे. कॉमन रेल इंजिन गिअरमध्ये असताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की डिझेलचा फवारा बंद होतो. चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल केलं की इंजिन स्वतःच्या जोरावर चालू राहावं लागतं, म्हणजे डिझेल लागतं. त्यामुळे न्यूट्रलने डिझेल वाचत नाही, थोडं जास्तच जातं, आणि गाडीला धरून ठेवणारं इंजिनही सुटतं. इंजिनच बंद करणारे महाभाग तर कॉम्प्रेसर आणि पॉवर स्टेअरिंग दोन्ही घालवून बसतात. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार आपल्या लाईनवरच्या प्रत्येकाला माहीत आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड गाडीने चाळीसहून अधिक गाड्यांना धडक दिली. तो काही सह्याद्रीचा कडा नाही, हायवेचा साधा दिसणारा लांब उतार आहे.

आणि ब्रेक गेलाच तर? गिअर सोडू नका, इंजिन बंद करू नका, एक्झॉस्ट ब्रेक चालू. हेडलाइट, हॉर्न, चारही इंडिकेटर. हँडब्रेकचा दांडा एका झटक्यात न ओढता थोडा थोडा ओढा, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते. दरीच्या विरुद्ध बाजूला, डोंगराच्या कडेला, मातीच्या ढिगाला गाडी घासत नेली तर बॉडी जाईल, माणूस वाचेल. हे मनात आधी ठरलेलं असेल तरच वेळेवर सुचतं. घाट उतरल्यावर तापलेल्या ड्रमवर बादलीभर पाणी ओतायची सवयही सोडा, लोखंड तडकतं. गाडी उभी करून वाऱ्यावर गार होऊ द्या.

भरताना आणि बांधताना

जुलै २०१८ मध्ये केंद्राने ट्रकची वजनमर्यादा वाढवली: दोन अ‍ॅक्सलच्या गाडीचं एकूण वजन १६.२ वरून १८.५ टन, तीन अ‍ॅक्सलच्या दहाचाकीचं २५ वरून २८.५ टन. जुन्या गाडीच्या आरसीवर काय लिहिलंय ते मात्र बघा, मोजतात ते तेच. ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० असा दंड आहे. वजनकाट्यावर जायला नकार दिला तर ४०,०००. ‘दंड शेठ भरतो’ हे खरं असेलही, पण ब्रेकचे ड्रम ज्या वजनाला बनवले तेवढंच ओझं ते थांबवतात आणि स्टेअरिंगवर शेठ बसलेला नसतो.

बेळगावातल्या उद्यमबागच्या फाउंड्रीतला माल आणि शिवारातला ऊस, दोघांची जात वेगळी. कास्टिंग जड आणि बसकं: गाडी उलटत नाही, पण जोरात ब्रेक लागला की माल पुढे सरकून केबिनवर येतो. म्हणून तो पुढच्या फळीला टेकवून, मध्ये लाकडी ओंडके घालून, साखळीने आवळायचा. ऊस, कडबा, कापूस हलका पण उंच. वळणावर तो गाडीला बाहेरच्या बाजूला झोपवायला बघतो, तेव्हा वेग वळणाच्या आधीच कमी. पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरवर थांबून रस्से पुन्हा ताणा, कारण तोवर माल बसलेला असतो आणि घट्ट बांधलेला रस्साही ढिला पडतो. सळया किंवा पाइप फाळक्याबाहेर लोंबकळत नेले तर त्यालाही २०,००० चा दंड आहे. रात्री त्या सळया मागून येणाऱ्याला दिसतच नाहीत.

गाडीभोवती एक फेरी मारायला पाच मिनिटं लागतात. टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, टायर ठोका; बाकीच्यांपेक्षा बद्द आवाज देणारा टायर हवा कमी असलेला. जोडचाकांमध्ये दगड अडकला असेल तर काढा, वेगात तो सुटून मागच्याच्या काचेवर जातो. आणि चाकाच्या नटांकडे वाकून बघा: नटापासून बाहेर ओघळलेली तांबूस गंजाची रेघ दिसली तर तो नट आतून ढिला झालाय आणि हलतोय.

रात्र, ऊस आणि डुलकी

साखर कारखाने सुरू झाले की अथणी, रायबाग, चिक्कोडी, निपाणीच्या रस्त्यांवर रात्री दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर रांगेने चालतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या वाढ्याखाली झाकलेला, आणि वेग ताशी पंधरा-वीस. आता वरचं गणित पुन्हा लावा. हेडलाइट डिपरवर असताना साधारण ४०-५० मीटर रस्ता उजळतो, आणि ताशी ६० ला भरलेली गाडी थांबायला ६० हून जास्त मीटर लागतात. म्हणजे ट्रेलर दिसेपर्यंत तो वाचवायची वेळ गेलेली असते. हंगामात रात्री त्या रस्त्यांना चाळीस हाच वेग. समोरून येणाऱ्याच्या झोतात डोळे दिपले तर नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या रेषेवर ठेवा. आंबोली-चोर्ल्याच्या धुक्यात हाय बीम लावू नका. समोर पांढरी भिंतच उभी राहते.

ट्रॅक्टर चालवणारे आपलेच पाहुणे असतात, त्यांनाही सांगा. ट्रकला मागे लाल, बाजूला पिवळी आणि पुढे पांढरी रिफ्लेक्टिव्ह पट्टी नियमानेच लागते. ट्रेलरच्या मागे ऊस भरून झाल्यावर, वाढ्याच्या बाहेर, लाल रिफ्लेक्टरची एक फळी लटकवायला किती खर्च येतो?

गावात शिरल्यावर धोका डाव्या बाजूला. ट्रकच्या डाव्या दाराखाली आणि बंपरला अगदी खेटून असलेली स्कूटर ड्रायव्हरला दिसत नाही. डावीकडे वळताना मागची चाकं पुढच्यांपेक्षा आत कापत येतात, आणि त्याच फटीत शाळेची सायकल घुसलेली असते. इंडिकेटर लवकर द्या, किन्नरला डाव्या खिडकीत बसवा, आणि मागे घेताना तो तुम्हाला आरशात दिसत नसेल तर गाडी जागची हलवू नका.

झोपेपुढे शहाणपण चालत नाही. पहाटे दोन ते पाच आणि दुपारच्या जेवणानंतरचे दोन तास शरीर स्वतःहून मिटायला लागतं. सलग १७ तास जागलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा वागतो, हे संशोधनात दिसलंय. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. न पिताही तुम्ही मर्यादेच्या वर. साठच्या वेगात चार सेकंदांची डुलकी म्हणजे ६५ मीटरहून जास्त अंतर डोळे मिटून. मावा, गुटखा, मोठ्याने गाणी, तोंडावर पाणी, हे सगळं पाच-दहा मिनिटांपुरतं. चालतं ते एवढंच: गाडी रस्त्याबाहेर सुरक्षित जागी लावून चहा प्यायचा आणि लगेच वीस मिनिटं आडवं व्हायचं, उठेपर्यंत चहाही चढतो. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा दिवसाला ८ तास आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती सांगायचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली, दिवसाचे ८ तास तिच्यातही आहेत. प्रत्यक्षात किती पाळतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. तरी मालकाने ‘सकाळी सातला माल पोचलाच पाहिजे’ म्हटलं तर आठ तासांचा कायदा आहे एवढं तरी तोंडावर सांगता येतं.

अपघात झालाच तर

मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ सांगतं की जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा दवाखान्यात पोचवायची व्यवस्था ड्रायव्हरने करायची. जमाव अंगावर येत असेल तर यातून सूट त्याच कलमात आहे. अशा वेळी थेट जवळचं पोलीस ठाणं गाठायचं. पोलिसांना खबर जास्तीत जास्त २४ तासांत द्यावीच लागते, आणि विमा कंपनीलाही कळवायचं असतं. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेत ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. न कळवता पळून जाणाऱ्याला १० वर्षांचं जे उपकलम आहे, त्यावरून जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांनी चक्का जाम केला होता. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवलं गेलं. पळून गेल्याने एरवीचा गुन्हा काही हलका होत नाही.

गाडी बंद पडली तर चारही इंडिकेटर चालू करून रिफ्लेक्टरचा त्रिकोण मागे बराच लांब, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे ठेवा. झाडाची फांदी आणि दगड ठेवायची पद्धत सोडा. निघताना ते दगड कुणी उचलत नाही आणि रात्री दुचाकीवाला त्यावर पडतो. नॅशनल हायवेवर मदतीला १०३३, इतरत्र ११२, अ‍ॅम्ब्युलन्सला १०८. हे नंबर दोन्ही राज्यांत चालतात. फोन करताना जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि कुठल्या दिशेने चालला होता ते सांगा. कोगनोळीजवळ तर हे जास्तच लागतं, कारण हद्दीच्या अलीकडे की पलीकडे यावर गाडी निपाणीच्या पोलिसांकडे जाणार की कागलच्या, ते ठरतं.